साडूभाऊंचा कान आणि पिवळा दिवा

जालना जिल्ह्यात जेवढी म्हणून इंजिनं धडधडतात, त्यातल्या निम्म्यांची सुखदुःखं माझ्या साडूंना तोंडपाठ असावीत, असं माझं ठाम मत आहे. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. एमआयडीसीच्या रस्त्यावर, सळयांच्या मिलला लागूनच त्यांचं गॅरेज. भलामोठा स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून घ्यायचे, ही त्यांची तपासणी. मध्येच गिऱ्हाईक काही सांगू लागलं की म्हणायचे, "तुम्ही चूप बसा हो, ती बोलून राह्यली ना!" वडीगोद्रीच्या एका लग्नात मंगलाष्टकं ऐन रंगात आली असताना हे गृहस्थ मांडवाबाहेर पडले, कारण जनरेटरचा सूर त्यांना खटकला होता. नवरानवरीच्या वाट्याच्या अक्षता त्यांच्या खिशातच राहिल्या, पण पंगतीत दिवे काही गेले नाहीत. आमच्याकडे जेवायला आले तरी वरणापेक्षा मिक्सरकडे त्यांचं लक्ष जास्त.

आणखी एक नेम होता. शेजारी भंगार वितळवणारी भट्टी चोवीस तास पेटलेली असताना, गाडीतून काढलेला प्रत्येक भाग ते फडक्यात बांधून मालकाच्या हवाली करायचे. "गाडीचं हाड आहे. मालकाच्याच घरी पाह्यजे." जालन्यातल्या कितीतरी बायकांनी या गाठोड्यांपायी त्यांचा उद्धार केला असेल.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी ज्या बियाण्याच्या कंपनीत होतो, तिथल्या साहेबांची जुनी परदेशी गाडी मी विकत घेतली. साडूभाऊंनी कान लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. "आवाज दबलाय हिचा. दम कोंडून राह्यलाय." मला तर गाडी झकास वाटत होती. पण ते खाली सरपटले आणि धुराच्या नळीतला एक जाळीदार डबा त्यांनी गुन्हेगार ठरवला. तो धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर होता. डबा काढला, जागी सरळ पाइप बसवला. गाडी अशी गरजली की समोरचा चहावाला बाहेर आला. "आता कसं!" साडूभाऊ म्हणाले. डबा नेमाप्रमाणे आमच्या घरी आला आणि बायकोनं तो दार अडवायला ठेवला.

तीन दिवसांनी जाफराबादहून येताना समोर डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. साडूभाऊंनी कान लावला. आवाज खणखणीत. मग हा दिवा कशाला? त्यांना ऐकू न आलेली इंजिनाची ही पहिलीच तक्रार. रोज संध्याकाळी स्कूटरवरून यायचे आणि दिव्याकडे बघत बसायचे. "बल्बच काढून टाकू ना," मी म्हणालो. ते असे भडकले! "लेकरू रडू लागलं तर त्याचं तोंड बांधता का तुम्ही?"

मग त्यांनी काट्याचं मीटर आणलं. धुरातला ऑक्सिजन हुंगणारे दोन सेन्सर गाडीला होते, एक डब्याच्या आधी आणि एक नंतर. दोन्हीकडून इंजिनाच्या कॉम्प्युटरला खबर जायची. मीटर आधी पुढच्याला लावलं, मग मागच्याला. दोन्हीकडे काटा सारखाच वरखाली नाचला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या दाराचा डबा उचलून गाडीला परत जोडला. आता पुढचा काटा नाचत होता आणि मागचा शांत उभा होता. साडूभाऊ मांडी ठोकत ओरडले, "अहो, दोन नाकं हायेत! पुढचं हुंगतं, मागचं डबा काम करतो का ते पाहतं. आपण डबाच काढला, मंग दोघांनाही एकच वास. कॉम्प्युटरला बराबर कळलं!" इतका आनंद मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

दिवा विझला. त्यांनी सवयीनं पुन्हा कान लावला, बराच वेळ लावला. मग स्क्रू-ड्रायव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मला तर पुन्हा दबलेलाच. तुम्हाला कसा येऊन राह्यलाय आवाज?"

"चांगला. पहिल्यासारखाच."

ते बोनेटला टेकून उभे राहिले. मिलच्या खडखडाटाशेजारी तीस वर्षं काढलेला माणूस. "मंग गाडी दबलेली नव्हती," ते म्हणाले. "डब्याची बिलकुल चूक न्हाई. माझाच कान गेल्ता." मला फार वाईट वाटलं.

गॅरेज त्यांनी बंद केलं नाही. मी गेलो की ते स्क्रू-ड्रायव्हरची मूठ माझ्या कानाला लावतात आणि विचारतात, "काय म्हणून राह्यली?" मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी मोठ्यानं सांगतो, "बराबर आहे, साडूभाऊ." ते मान डोलावतात, आणि हळूच वाकून काचेतून दिवा लागलाय का ते बघून घेतात.