लाईटवरची जुनी पेटी

मी सिंथेसायझर हार्मोनियमसारखा पारखला आणि नवा सोडून जुना घेतला. खरं तर इथंच सगळं संपतं. पण माझा कुठलाच गाढवपणा आजवर थोडक्यात आटोपलेला नाही.

आमची गायन पार्टी होती. थोरला भाऊ भीमगीतं गायचा, मी पेटीवर, चुलतभाऊ ढोलकीवर. तेरची भीमजयंती म्हणजे भावाचंच गाणं, असं त्या गावानं धरूनच ठेवलं होतं. दुष्काळानं बाकीची आमंत्रणं आटवली, तेर तेवढं टिकलं. मग एका हिवाळ्यात तिथल्या कमिटीची पोरं घरी आली.

"दादा, गळा तुमचाच पायजे. पर लोकं आता लाईटवरची पेटी मागत्यात. तुमच्याकडं नसंल तर सोलापूरची पार्टी सांगावी लागंल."

भाऊ काही बोलायच्या आत "आणतो की!" मी म्हणालो. मला कुणी विचारलंच नव्हतं.

पार्टीची साठलेली बिदागी घेऊन मी पुण्याच्या दुकानात गेलो. तिथं एक नवा होता, खोक्यातला. दुसरा जुना, कुणा सिनेमातल्या वादकानं विकलेला, दोन्ही अंगांना लाकूड असलेला. त्या लाकडानंच घात केला. आम्हा पेटीवाल्यांचा समज असा, की नवी पेटी कोरी बोलते. लाकूड मुरलं, सूर बसले, की मग ती गोड होते. मी जुन्याच्या लाकडावर टिचकी मारली, कान लावला आणि जाणत्यासारखी मान हलवली. आत नुसत्या तारा. त्या टिचकीला काय बोलणार?

दुकानदार म्हणाला, "गावात वाजवणार ना? मग नवा घ्या. हा तापला की सूर सोडतो. नव्यात एक बटण दाबलं की सूर जागेवर येतात."

पैसे नव्यालाही पुरत होते. पण व्यापारी नवं गळ्यात मारतोय म्हणजे खरा माल जुन्यातच, एवढं मला कळू नये होय? "आमची पेटी आज्याच्या वेळची आहे," मी सुनावलं. "जुनं कसं बोलतं ते आम्हाला सांगू नका." त्या बिचाऱ्यानं जुना बांधून दिला.

तेरला मिरवणूक संध्याकाळी होती, म्हणून गाणं दुपारी. वर तापलेला पत्रा. विहिरी कोरड्या, मोटारी बंद, तेव्हा वीज तरी भरपूर असेल असा माझा हिशेब. तर वीजही दुष्काळातलीच निघाली, घडीत कमी, घडीत जास्त. मी वाद्य स्टेजच्या मधोमध मांडलं आणि भावाचा माईक कडेला सरकवला.

पहिलं कडवं झकास झालं. दुसऱ्याला तापलेल्या बाजाचा सूर चढू लागला. भावाचा कान इमानी, तोही सुरामागं वर गेला. तिसऱ्याला आणखी वर. त्याच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी घाबरून दिसेल ते बटण फिरवलं, आणि बाजानं साखर कारखान्याच्या भोंग्यासारखी लांबलचक बोंब ठोकली.

"पहिली पाळी सुटली रं!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळा मांडव हसला. त्या हशातच भावानं ध्रुपद उचललं आणि वरच्या सुरावर त्याचा गळा फाटला. तो थांबला, हात जोडून 'जयभीम' म्हणाला आणि खाली उतरला. त्यानंतर तो कुठल्याच स्टेजवर चढला नाही.

पुढच्या जयंतीला तेरला सोलापूरची पार्टी गेली. त्या दिवशी भाऊ सकाळपासून रानात होता. तिथं पीक नव्हतं, कामही नव्हतं. मी वहिनींपाशी बसून दुकानदाराला शिव्या घालत होतो, की फसवलं मेल्यानं, सडका माल दिला.

वहिनी ज्वारी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्या माणसाला उगं बोलू नका, भावजी. ह्यांच्या गळ्याला साधी पेटी पुरत हुती. मिरवायचं तुम्हाला हुतं."