अन्सुमाना थट्टा विसरला तो दिवस

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे अख्ख्या किनाऱ्याला ठाऊक आहे. पण अन्सुमाना कॉलीचं नाव निघालं की मी गुपचूप ऐकून घेते. त्या माणसाचे उपकार फिटायचे नाहीत.

अन्सुमाना हेपॅटायटिसच्या संशोधनाचा फिरता कामगार. मोटारसायकलला बर्फाची पेटी बांधून गावोगाव रक्ताचे नमुने गोळा करायचा. आमच्या गावात त्याला कुणी दाद देईना. "रक्त विकतात मेले!" असं मीच मासे धुरावर वाळवता वाळवता सगळ्यांना सांगत सुटले होते. आमचा थोरला भाऊ चाळिशीच्या आतच लिव्हरच्या कॅन्सरनं गेला, पोट फुगून, डोळे पिवळे पडून. धाकटा बिरान होड्या बांधतो. थोरल्याचं लिव्हर ज्या हेपॅटायटिसच्या विषाणूनं पोखरलं, तोच त्याच्याही रक्तात असेल, असं अन्सुमानाला वाटत होतं.

पण अन्सुमाना जोला जमातीचा आणि आम्ही सेरेर. या दोन जमातींत पिढ्यानपिढ्या थट्टेचं नातं. एकमेकांना खुशाल गुलाम म्हणायचं, दुसऱ्याच्या ताटातलं उचलायचं, आणि रागवायचं कुणीच नाही.

एक दिवस तो सरळ आमच्या अंगणात शिरला आणि बिरानच्या भातातला मासा तोंडात टाकत म्हणाला, "माझा गुलाम माझंच खातोय! हात कर पुढे. रक्तही माझंच आहे, न्यायला आलोय."

"घे रे भातचोरा," बिरान हसत म्हणाला, "तेवढंच तुझ्या अंगात थोडं चांगलं रक्त जाईल."

झालं, सुई टोचली. बिराननं हात दिला म्हटल्यावर मग निम्मं गाव आलं.

पंधरा दिवसांनी अन्सुमाना निकाल घेऊन आला. सवयीनं दारातूनच ओरडला, "गुलामा, तुझं लिव्हर बिघडलंय! रोज गोळी घे, नाहीतर मरशील!"

आम्ही पोट धरधरून हसलो. बिरान म्हणाला, "आधी तू मर, मग बघू!" अन्सुमाना पुनःपुन्हा सांगत राहिला, आणि तो जितकं सांगे तितकं आम्ही हसत होतो. जोला माणसाचं सेरेरच्या अंगणात खरं कोण मानतं? असे तीन महिने गेले. त्यानं दिलेली गोळ्यांची बाटली तशीच फळीवर.

मग एका सकाळी तो आला. टोपी काढली. ताटाकडे बघितलंसुद्धा नाही. चटईच्या कडेला बसून त्यानं घरातल्या एकेकाची ख्यालीखुशाली विचारली, परक्याच्या घरी विचारतात तशी. मग हळू आवाजात म्हणाला, "बिरान जूफ, मी चुकलो. हे थट्टेत सांगायचं नव्हतं."

बिरानच्या हातातला रंधा तिथंच थांबला. देवा, खरंच असं आहे तर! त्याच दिवशी बिराननं पहिली गोळी गिळली.

वर्षभर अन्सुमाना महिन्याच्या महिन्याला यायचा, गोळ्या मोजायचा. एकदाही गुलाम म्हणाला नाही. मला ते सहन होईना. मी म्हटलं, "अरे, एक शिवी तरी दे!"

"रक्ताचा नवा अहवाल येऊ दे, तेनिंग अक्का," एवढंच म्हणाला.

अहवाल आला तेव्हा फाटकाबाहेरूनच आरोळी ऐकू आली, "कुठंय माझा आळशी गुलाम?" त्या शिवीतच सगळं आलं, कागद कुणी बघितलाच नाही. बिरान फळ्यांच्या ढिगावर मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला. मीही रडले, लपवू कशाला?

पुढं अन्सुमानानं समजावलं, "गोळीनं विषाणू दबतो, पण त्याचं मूळ लिव्हरच्या पेशींत लपून राहतं. ते मूळच कापून टाकणारा जनुकांचा उपचार शास्त्रज्ञ शोधतायत. त्यासाठी आणखी रक्त हवंय."

"माझ्या हयातीत मिळेल का तो?" बिराननं विचारलं.

"शपथेवर नाही सांगता यायचं."

बिराननं बाही वर केली. "मग भरपूर घे. माझ्यासारखीच कुणाकुणाची पोरं त्या उपचाराची वाट बघत असतील."