फक्त आकडा

यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही गावी जावं आणि पेंटरचाचांनी रंगवलेल्या पाटीवर एखादा सुटलेला काना किंवा चुकलेली वेलांटी शोधून दाखवावी. सापडणार नाही, हे मी पैजेवर सांगते. दारव्ह्याची किराणा दुकानं, दवाखाने, शाळांच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, सगळीकडे तीस वर्षं त्यांचा ब्रश फिरलेला. ग्राहकानं चिठ्ठीवर अशुद्ध लिहून दिलं तरी पाटीवर ते शुद्धच उतरायचं, आणि ग्राहक भांडायला लागला तर चाचा त्याला शाळेतल्या मास्तरांकडे घेऊन जायचे. इतकं नेमकं लिहिणारा हा माणूस बोलायचा मात्र पक्की वऱ्हाडी, तीही घरच्या उर्दूत घोळवलेली. मी एकदा हा फरक बोलून दाखवला तर म्हणाले, "लिहिणं लोकायचं असते, बोलणं आपलं."

आमची ओळख झाली ती कापसाच्या त्या वाईट वर्षांत. जिल्ह्यात रोज कुठल्या ना कुठल्या पथकाची गाडी यायची, आणि प्रत्येक गाडीतून एखादी योजना उतरायची. त्यातल्याच एका योजनेत गावोगावी माहिती केंद्रं निघाली. प्रत्येक केंद्रात एक कंप्युटर, त्यावर कापसाचे भाव, हवामान आणि फवारणीचा सल्ला. तो प्रोग्राम करायचं काम यवतमाळच्या आमच्या छोट्याशा कंपनीला मिळालं. तज्ज्ञ मंडळी सगळा मजकूर इंग्रजीत द्यायची आणि दर आठवड्याला बदलायची. बदललेलं प्रत्येक वाक्य भाषांतरकारापर्यंत पोचवणं, त्याच्याकडून मराठी आणून प्रोग्रामात घालणं आणि नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी सगळं जुळलंय ना हे बघणं, ही माझी नोकरी. चाचा आले होते ते आमच्या ऑफिसची पाटी रंगवायला. पहिला हात वाळेपर्यंत ते माझ्या खुर्चीमागे उभे राहिले आणि पडद्यावरचं एक बटण वाचून त्यांनी विचारलं, "पुष्टी करा म्हणजे? जनावरं पुष्ट करायची हायेत का?" आमचे साहेब आतून ऐकत होते. पाटीचा दुसरा हात होईपर्यंत चाचा आमचे भाषांतरकार झाले होते; पाट्यांपुरतं इंग्रजी त्यांना येत होतंच, अडलेलं मी समजावून सांगायची.

कंप्युटरला त्यांनी कधी हात लावला नाही. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर टपोऱ्या अक्षरात मजकूर लिहून आणायचे आणि मी तो टाइप करायचा. पण लिहिण्याआधी प्रत्येक शब्द दारव्ह्याच्या बाजारातून फिरून यायचा. बाजाराच्या दिवशी ते मिरच्या विकणाऱ्या एका आजीसमोर बसत आणि एकेक शब्द तिच्यापुढे टाकत. ती ज्याला मान हलवील तो पास. 'पुष्टी करा'चं 'बरोबर आहे' झालं ते त्या आजीमुळे. 'रद्द करा' हा शब्द ऐकून तिला तलाठी आठवला, म्हणून तिथे 'राहू द्या' आलं. दोन्ही शब्द बघून साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण केंद्रांमधून आधी रोज येणारे फोन बंद झाले आणि आठ्या आपोआप गेल्या.

एवढ्यानं त्यांचं समाधान होत नसे. पाटी भिंतीवर चढली की पेंटरनं रस्त्यावर उभं राहून ती बघितलीच पाहिजे, हा त्यांचा धर्म. त्यामुळे ते शेअर जीपमधून दाटीवाटीनं कधी कळंबला तर कधी मारेगावला जात आणि तिथल्या केंद्रात कोपऱ्यात उभे राहून लोक काय वाचतात, कुठे अडतात ते बघत. कळंबच्या केंद्रात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कापसाचा भाव बघितला, शेवटी आलेलं 'बाहेर पडा' वाचलं आणि मुकाट्यानं पिशवी उचलून खोलीबाहेर जाऊन उभे राहिले. चाचा त्यांच्यामागे धावले, हात धरून आत आणलं, चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसात येऊन ते बटण काढायला लावलं. मशीननं आलेल्या माणसाला हाकलायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. तिथे 'झालं' असं आलं.

प्रोग्रामर मंडळींना त्यांचा धाक होता. कुठलाही बदल फोनवर सांगितलेला चालत नसे. जुनं वाक्य, नवं वाक्य, कोणी बदललं आणि कायले बदललं, एवढं कागदावर हवं. एका आठवड्यात आमच्या एका प्रोग्रामरनं 'कृपया थांबा' हे वाक्य तीनदा बदललं, तेव्हा चाचांकडून कॅलेंडरची पाठ आली: 'एकदा ठरवा. तोवर मी थांबतो.' आणि ते खरंच चार दिवस थांबले. नव्या आवृत्तीआधी आठ दिवस तर एका अक्षराचाही बदल ते घेत नसत. ओला बोर्ड लावला की धूळ चिकटते, म्हणायचे. मला हे सगळं पटायचं, आणि मेजावर कामाचा ढीग साचला की तितकंच नकोसंही व्हायचं.

पहिल्याच वर्षी फवारणीच्या हंगामाआधीची आवृत्ती निघायची होती. मारेगावच्या केंद्रात मोठा कार्यक्रम ठरला होता, अधिकारी येणार होते. दोन दिवस राहिले असताना तज्ज्ञांकडून बदलांची शेवटची यादी आली. तोवर सल्ल्यात औषधाचं माप लिटरवर दिलेलं असायचं: एक लिटर पाण्यात दोन मिली. शेतात कोणी लिटर मोजत नाही, पाठीवरचे पंप मोजतात, आणि पंप पंधरा लिटरचा. म्हणून त्यांनी इंग्रजी वाक्य बदलून एका पंपाला तीस मिली असं केलं. यादीत ते वाक्य माझ्यासमोर आलं तेव्हा माझी नजर फक्त दोनच्या जागी आलेल्या तीसवर पडली. आठ दिवसांची मुदत उलटून गेली होती. चाचांना कळवलं तर कागद मागतील, कारण विचारतील, अडून बसतील. मी त्या ओळीपुढे 'फक्त आकडा' असं लिहिलं आणि ती त्यांच्याकडे पाठवलीच नाही. प्रोग्रामात आकडा बदलला, मराठी वाक्य तेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी केंद्रांना पाठवायच्या सीडींचे गठ्ठे बांधून तयार होते. दारव्ह्याचा गठ्ठा तर एसटीच्या पार्सलात देऊनही झाला होता. चाचा नेहमीप्रमाणे शेवटचं सगळं वाचायला आले, माझ्या शेजारी बसले आणि एकेक पान पुढे सरकवायला सांगू लागले. एका पानावर त्यांनी माझ्या मनगटाला बोट लावलं. पडद्यावर होतं: एक लिटर पाण्यात तीस मिली औषध. त्यांनी ते दोनदा मनाशी वाचलं. मग उठून साहेबांच्या खोलीत गेले, मी मागोमाग.

"साहेब, हा बोर्ड लागत नाही," ते म्हणाले.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. कार्यक्रम उद्यावर होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या. ते म्हणाले, आपण दुरुस्तीचा कागद छापू आणि प्रत्येक केंद्रात कंप्युटरशेजारी चिकटवू. चाचा आवाज न चढवता म्हणाले, "कागद उडते साहेब. आकडा राह्यते. पंधरापट औषध मारन कोणी, त्याचा वास त्याच्याच नाकात जाईन."

 शेवटी साहेबांनी मारेगावला फोन लावला आणि कार्यक्रम चार दिवस पुढे ढकलला. त्यासाठी त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं ते आम्हाला या टोकाला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. फोन ठेवल्यावर त्यांनी आमच्याकडे बघून विचारलं, ही चूक राहिली कुणाकडून? मला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी शेजारून चाचा बोलले.

"माह्याकडून राहून गेलं असन."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. साहेबांनी मान हलवली आणि चाचा लगेच दारव्ह्याच्या जीपकडे निघाले. तिथल्या एसटी स्टँडवर बसून राहिले आणि पार्सल उतरताच तो गठ्ठा परत घेऊन आले. चार दिवसांनी नवी आवृत्ती लागली. एका पंपाला तीस मिली, टपोऱ्या अक्षरात.

त्यानंतर साहेबांनी पुण्याच्या एका माणसाला चाचांचं लिहिलेलं तपासायचं काम दिलं. तो माणूस चाचांच्या ऱ्हस्व-दीर्घावर लाल खुणा करून पाठवायचा, त्यातल्या निम्म्या खुणा चुकीच्या असायच्या. चाचा प्रत्येक खुणेला शांतपणे उत्तर लिहायचे. मी ते कागद इकडून तिकडे पाठवायची आणि गप्प बसायची. सात-आठ महिन्यांनी धीर करून साहेबांना खरं सांगितलं. ते जाऊ दे, जुनं झालं म्हणाले, आणि पुण्याचा माणूस तसाच राहिला.

पुढे योजना संपली, केंद्रं बंद पडली, मी नागपूरला गेले. चाचांना शेवटची भेटले ती दारव्ह्याला त्यांच्या घरी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, एका डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. चाचींनी चहा ठेवला. मी सांगून टाकलं की साहेबांना मी नंतर सगळं सांगितलं होतं. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. ते जरा नाराजच झाले.

"कायले सांगितलं?" ते म्हणाले. "तुही नोकरी नवी होती बेटा. माह्यं नाव जुनं हाये, त्याले एखादा ओरखडा चालते."

मग त्यांनी विषय बदलला. पेपर वाचून दाखव म्हणाले, चाचींना मराठी सावकाश वाचता येतं आणि तोवर बातमी शिळी होते. मी खाटेच्या कडेला बसून पहिलं पान वाचू लागले. ते डोळे मिटून ऐकत होते आणि मी अडखळले की हळूच शब्द नीट करून देत होते. वाचता वाचता एका ठिकाणी माझी आख्खी ओळ सुटली. वाक्याचा अर्थच लागेना, हे पुढच्या ओळीला माझ्या लक्षात आलं. मी थांबून त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेलेच होते, चेहरा शांत होता.

"वाच, वाच," ते म्हणाले.

त्यांना झोप लागत होती, की कळूनही त्यांनी ती ओळ सोडून दिली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.