मशिनीचा भांग पाडणारे मेस्त्री

"ह्याचं काय खरं नाय, वैनी."

शेडच्या दारात चपला काढायच्या, बाहेरच्या नळावर पाय धुवायचे, दोन्ही हात पाठीमागे बांधून मशीनसमोर उभं राहायचं आणि मान एका बाजूला कलती करून हे वाक्य म्हणायचं, असा मेस्त्रींचा शिरस्ता होता. दवाखान्यात आजाऱ्याला बघायला येणारे लांबचे नातेवाईक तुम्हीही पाहिले असतील. अगदी तसा चेहरा. मशीन बिघडलेलं असो नाहीतर नुसती ठरलेली सर्व्हिसिंग असो, पहिलं वाक्य हेच. ते म्हणून झालं की चहा मागायचे.

पहिल्यांदा ऐकलं ते मी खरंच मानलं. मशीन नवंकोरं होतं. वाडीतल्या आम्ही सात जणींनी मिळून घेतलेलं. मी घाबरून विचारलं, "म्हणजे गेलं?" मेस्त्री चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "आता कुठं बगितलंय? बगतो ना." मग पेटी उघडली, आतली जाळी काढून धुतली, पुन्हा बसवली आणि मशीन जावयासारखं रुबाबात सुरू झालं. बिघाड काहीच नव्हता.

हे मशीन आंबापोळी सुकवायचं. आधी आम्ही पोळ्या उन्हात घालायचो. रत्नागिरीबाहेरच्या सड्यावर, तापलेल्या कातळावर ताटं मांडायची, वानरांसाठी काठी घेऊन बसायचं आणि आभाळ आलं की ताटं डोक्यावर घेऊन धावायचं. त्यात मे सरता सरता घरोघरी आंब्याचे ढीग असतात आणि ऊन बेपत्ता होतं. म्हणून हे हीट पंपचं मशीन. कपाटाएवढी एकच पेटी, सगळं काही तिच्या पोटात. मेस्त्री समजावून सांगायचे, "फ्रिजच्या मागं हात लावला की गरम लागतं ना? ती गरमी फुकट जाते. ह्यो तीच कामाला लावतो. गरम हवा पोळ्यांवर फिरवायची, तिच्यातलं पाणी काढून भायर टाकायचं." आणि खरंच, मागच्या नळीतून आंब्याचं पाणी थेंब थेंब बादलीत पडत असायचं.

शेड मात्र आमची नव्हती. वाडीची होती, पडीक होती, आणि नेमकी आम्हाला हवी झाल्यावर सगळ्यांनाच हवी झाली. मुलांच्या मंडळाला तिथे कॅरम मांडायचा होता आणि वाडीतल्या समस्त बापयांचा, म्हणजे पुरुषमंडळींचा, कल कॅरमकडे होता. शेवटी वाडीच्या बैठकीत ठरलं की बायकांनी एक मोसम करून दाखवावा, माल खराब झाला तर शेड मंडळाला. आमचे हे त्या बैठकीत पुढेच बसले होते. घरी येऊन मला म्हणाले, "पावसाळ्यात त्या कपाटात कोंबड्या तरी बसतील." त्या दिवशी त्यांच्या वाटणीची सुरमईची तुकडी मी खाल्ली.

त्या शेडचं आम्हाला काय होतं, हे त्यांना कळणार नव्हतं. घरात प्रत्येकीला कोणी ना कोणी हाक मारतच असतं. शेडमध्ये फक्त आम्ही सात जणी, आंब्याचा वास आणि मशीनची घरघर. तिथे आम्ही मोठ्याने हसायचो. ती जागा हातची जाऊ नये, एवढंच मागणं होतं.

मेस्त्री मशीनच्या कंपनीचे मेकॅनिक, राहणारे अलोऱ्याचे. वडील कोयना प्रकल्पावर कामाला, त्यामुळे हे वसाहतीत वाढलेले. त्याचा त्यांना भारी अभिमान. "सगळ्या महाराष्ट्राची वीज आमच्या दारातनं जाते, वैनी," असं ते अशा थाटात सांगायचे, जशी ती यांना विचारूनच जात होती. उंच, काटकुळे, डोक्यावर एक केस नाही. आणि पिशवीत काय, तर कंगवा! मशीनच्या आत पत्र्याच्या पातळ पातळ पट्ट्या असतात, त्या धक्का लागून वाकल्या की हवा अडते. त्या सरळ करायला हा बारीक दातांचा कंगवा. जिभेचं टोक ओठांत धरून मेस्त्री एकेक ओळ विंचरत बसायचे.

आमच्यातली सुगंधा जिभेला हाड नसलेली. ती म्हणाली, "स्वतःला न्हाईत केस आणि मशिनीचा भांग पाडतायत बगा."

मेस्त्रींनी मान वर न करता सांगितलं, "माझे व्हते तवा माझा पाडला. आता हिचा."

तेव्हापासून सुगंधाचं आणि त्यांचं जमलं. म्हणजे ते आले की भांडण.

पहिल्याच महिन्यात आम्ही एक पराक्रम केला. वारा सुटला, धूळ उडाली, आणि मशीनला धूळ लागू नये म्हणून आम्ही त्याला चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळली. वरून सुंभाने बांधली. माडाची झापं बांधून घर शाकारायची सवय असलेली माणसं आम्ही, जे मोलाचं ते झाकायचं एवढंच ठाऊक. थोड्याच वेळात मशीन गुदमरून बंद पडलं. मेस्त्री आले, पाय धुतले, हात मागे बांधले. ते गाठोडं त्यांनी कितीतरी वेळ बघितलं. मग म्हणाले, "ह्याचं काय खरं नाय. नाकात कापूस घालून ठेवलात व्हय जित्याच्या?" सुंभ सोडताना इतके हसत होते की गाठ सुटेना.

एकदा मी विचारलंच, "मेस्त्री, बघायच्या आधीच वाईट कशाला बोलता हो?"

"सवय, वैनी. आधी बरं बोललं की नजर लागते. आणि वाईट बोललं की चहात साखर जास्त पडते."

आपल्याकडे हे नवीन नाही म्हणा. कलमं मोहराने लगडलेली असताना बागायतदाराला विचारून बघा यंदा कसं काय. तो काय सांगेल ते तुम्हालाही माहीत आहे.

आता त्या दिवसाचं सांगते.

मोसमाची शेवटची खेप होती. वाऱ्याने आंबा भरपूर पडला होता, सात घरांचा सगळा आंबा शेडमध्ये आलेला. रस काढून, आटवून टोपं भरली होती. आदल्या आठवड्यात साफसफाई करताना सुगंधाने पेटी उघडली होती. मेस्त्रींनीच शिकवलं होतं, खारा वारा सगळं खातो, पट्ट्या साध्या पाण्याने धुवत जा म्हणून. धुताना तिला आतले तांब्याचे पाइप दिसले, काळे हिरवे पडलेले. आता तांबं काळं दिसल्यावर आमच्याकडची बाई गप्प बसेल का? तिने कोकमाची सोलं आणि मीठ घेतलं, आणि देवाची उपकरणी घासावी तसे ते पाइप घासून काढले. असे झळकले! आम्ही सगळ्यांनी वाकून वाकून बघितले आणि म्हटलं, मेस्त्री खूश होतील.

आणि शेवटच्या खेपेच्या सकाळी मशीनची घरघर तर चालू, पण हवा गार. नळीतून थेंब नाही. बाहेर आभाळ भरलेलं. रस आंबायला लागला तर सगळा टाकायचा, आणि पाठोपाठ शेड जाणार. मी मेस्त्रींना फोन केला. टोपं पुन्हा चुलीवर चढवून आम्ही आळीपाळीने ढवळत बसलो.

एरवी मोटारसायकलवर येणारे मेस्त्री टेम्पो करून आले. मागे दोन टाक्या. चपला काढल्या, पाय धुतले, मशीनसमोर उभे राहिले. आतला दाबाचा काटा बघितला. मग आमच्याकडे वळून अगदी गोड आवाजात म्हणाले, "व्हईल. व्हईल सगळं नीट. काळजी करू नका."

सात जणींच्या हातातली उलथणी थांबली. सुगंधा माझ्या कानाशी म्हणाली, "मेलो गं आपण."

फ्रिजसारखा ह्याच्याही पाइपांत गॅस असतो, तो गेला होता सगळा. कुठेतरी सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं आणि ते सापडल्याशिवाय पुढचं काहीच करता येणार नव्हतं. मेस्त्रींनी एका टाकीतून पाइपांत दाब भरला आणि म्हणाले, "साबणाचा फेस करा. घट्ट. सगळ्या पाइपांना लावा. जितं बुडबुडा फुगंल, तितं भोक."

मग काय, भांडी घासायचा साबण परातीत कालवून आमची मोहीम सुरू झाली. दोघी टोपांवर, बाकीच्या पेटीत डोकी खुपसून. कोपरापर्यंत फेस, कपाळाला फेस. कोणाला तरी बुडबुडा दिसायचा, सगळ्या धावायच्या, तो फुटून जायचा. इतकं मोठं संकट समोर, तरी आम्ही हसत होतो. मेस्त्री मधोमध उकिडवे बसून ओरडत होते, "अगं लग्नाची हळद लावताव काय? जरा बेतानं!"

"हा बगा! हितं फुगतोय!" सुगंधाच ओरडली.

एक बारीक पाइप सांगाड्याला टेकला होता आणि थरथरून थरथरून तिथेच घासला गेला होता. तो आपणहून टेकला नव्हता, घासताना कोणीतरी जोरात रेटला होता. मेस्त्रींनी फेस पुसला. खालचं तांबं असं चमकलं की त्यात त्यांचं टक्कल दिसलं. त्यांनी सुगंधाकडे पाहिलं.

"कोकमं?"

"सोलं. आन् मीठ," सुगंधा पुटपुटली. तिचा एवढा बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. तिचे डोळे भरून आले होते.

मेस्त्री फस्सकन हसले. "आमची ही पण समई अशीच घासते. एकदा वात लावायची जागाच मोडून ठेवलीन."

तेवढ्यात दारात बापये जमले. टेम्पो बघून बातमी वाडीभर झाली असणार. आमचे हे सर्वांत पुढे. म्हणाले, "काय झालं, मेस्त्री? बायकांनी काय तरी केलानी ना?"

मेस्त्री सावकाश उठले, पेटीच्या तोंडाशी पाठ करून उभे राहिले आणि तो झळाळणारा सगळा पाइप त्यांनी आपल्या काटकुळ्या अंगाने झाकायचा प्रयत्न केला.

"खारा वारा," ते म्हणाले. "समुद्र जवळ हाय. माझ्याच कंपनीच्या मालाला टिकत नाय, त्यात ह्या काय करणार? उलट ह्यांनी जपली म्हणून एवढी चालली."

बापये गेले. त्या माणसाबद्दल त्या वेळी मला जे वाटलं ते सख्ख्या भावाबद्दलही क्वचितच वाटलं असेल.

मग त्यांनी भोक जोडलं, पुन्हा दाब भरून पाहिला, आतली हवा ओढून काढली, गॅस तोलून भरला. दुपार कलली. मशीन सुरू झालं आणि आम्ही सगळ्या मागे जाऊन नळीसमोर बसलो. बराच वेळ नळी कोरडीच होती. मग तिच्या तोंडाशी एक थेंब जमला, लोंबला आणि बादलीत पडला. टप्.

सुगंधाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मेस्त्री मागे हात बांधून म्हणाले, "बगू. किती दिवस चालतंय, काय खरं नाय." ते ऐकून आम्ही टाळ्या वाजवल्या.

पोळ्या झाल्या. एकही खराब झाली नाही. कॅरम शाळेच्या पडवीत गेला आणि शेड आमच्याकडे राहिली, ती आजतागायत. पुढच्या वर्षांत मेस्त्रींनी सुगंधाला सगळं शिकवलं. ती आता पट्ट्या विंचरते, काटे वाचते, मुंग्या शिरल्या तर स्विच साफ करते, आणि तांब्याला बोट लावत नाही. मशीनला बाहेरचं माणूस लागेनासं झालं. मेस्त्रीही कंपनीतून निवृत्त झाले. येण्याचं कारणच उरलं नाही.

गेल्या वर्षी त्यांची बायको गेली. मुलगी लग्न करून लांब नाटे गावात दिलेली, म्हणजे अलोऱ्यात हे एकटेच. यंदा मोसम सुरू होताना मी सहज फोन केला. कसे आहात म्हटलं.

"बरं हाय, वैनी. सगळं एकदम बरं हाय. काळजी करू नका."

फोन स्पीकरवर होता. शेडमध्ये पुन्हा सगळ्यांचे हात थांबले. सुगंधाने माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि ठणकावून सांगितलं, "मेस्त्री, मशीन वाजतंय. माज्यानं होत नाय. तुमी या."

मशीन कुठलं वाजायला! लोण्यासारखं चाललं होतं.

ते दुसऱ्याच दिवशी आले. मोटारसायकलवरून, शर्ट बिनइस्त्रीचा, अंगाने आणखी वाळलेले. त्यांनी पेटी उघडली. पंख्याला हात लावला, बिजागरी हलवून पाहिली, घट्ट असलेले स्क्रू सैल करून पुन्हा घट्ट केले. फार वेळ लावला. सुगंधा आढ्याकडे बघत होती. मी पानं वाढायला घेतली. फणसाची भाजी, तांदळाची भाकरी, सोलकढी. मेस्त्री जेवायला बसले ते पोटभर जेवले. बायकोच्या हातच्या भाजीचं बोलले, थोडं रडले, पुन्हा भाजी मागून घेतली.

हात धुऊन आल्यावर मशीनकडे बघत म्हणाले, "पंखाच हाय तो. बारीक वाजतोय. पुढल्या महिन्यात परत बगायला लागंल."

आमचे हे दारात उभे होते. मी त्यांच्याकडे डोळे वटारायला वळले, कारण खरं बोलून मोकळं व्हायची यांना फार हौस. पण हे मशीनकडे कान देऊन उभे राहिले, गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाले, "महिनाभर कशाला थांबताव, मेस्त्री? पुढल्या आठवड्यातच या. लय वाजतंय."