पाटणकरवहिनींचं मेलेलं ऑर्किड

मेलेलं झाड दुकानदाराला परत करून आलेला, हिंदी मुलखातल्या आमच्या टाउनशिपमधला मी पहिलाच माणूस.

झाड आमचं नव्हतं. टाउनशिपमध्ये कुणी वर्षभर बाहेरगावी निघालं, की कुंड्या शेजाऱ्यांकडे ठेवायची पद्धत. पाटणकरवहिनी झाशीला जाताना आपलं जिवापाड जपलेलं ऑर्किड आमच्या हिच्याकडे सोपवून गेल्या. मातीत वाढणारं, वीतभर झाड. फूल मात्र पंख पसरलेल्या बगळ्यासारखं.

डिसेंबरात ही माहेरी नागपूरला गेली आणि झाडाने पानं टाकली. आठवड्यात कुंडीत नुसती माती उरली. वहिनींना काय तोंड दाखवायचं? (हिला काय सांगायचं, हा त्याहून मोठा प्रश्न.) झाड सोनागिरीच्या नर्सरीतलं, एवढं ठाऊक होतं. कुंडी सायकलला बांधली आणि गेलो.

"ऐसा माल बेचते हो?"

"साब, सुनिए तो, ये ठंड में..."

"ठंड मुझे मत सिखाओ. बदलके दो."

कारखान्यात हेल्परचा फोरमन मी आवाजाच्या जोरावर झालो. वीस मिनिटांत गर्दी जमली, त्याने हात जोडले आणि दोन क्रोटन दिले.

ही परतली. "अहो, वहिनींची कुंडी?"

"मेलं ते. बदल्यात दोन आणली."

ही पायरीवरच बसली. "मेलं नव्हतं हो, झोपलं होतं. खाली कंद जिवंत असतो. पावसाळ्यात उठतं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"निघताना सांगत होते. तुम्ही रिक्षावाल्याशी भांडत होतात."

पुन्हा नर्सरी. कुंडी सावलीत शाबूत होती. मी क्रोटन पुढे केले.

"अब तो ये मेरा है, साब," तो शांतपणे म्हणाला. "और क्या दोगे?"

मी भडकलो. घरचा गुलाब द्यावा लागला. पुन्हा भडकलो, मोगरा गेला. मी आवाज चढवला की एक कुंडी वाढायची. (माणसाने इतकं थंड असू नये, हे माझं मत आजही कायम आहे.) शेवटी आमच्या ओट्यावरच्या नऊच्या नऊ कुंड्या हातगाडीवरून त्याच्याकडे गेल्या, तेव्हा वहिनींची कुंडी परत मिळाली.

जुलैत वहिनी आल्या. झाडावर तीन बगळे. त्यांचे डोळे भरून आले. मग आमच्या उघड्याबोडक्या ओट्यावर नजर फिरवून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला झाडांची आवड नाही, तरी माझं एवढं जपलंत."

"वहिनी, मला आवड घासाघिशीची आहे," मी खरं ते सांगितलं.

त्यांना तो विनय वाटला.