हाय ना रे?

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकतो. शहापूरला घरात बसून मी कल्याणच्या एका छोट्या कंपनीसाठी वेबसाइट बनवतो आणि दिवसातून दोनदा तरी संगणकाला शिव्या घालतो. बायको मुरबाडच्या शाळेत शिकवते. ती म्हणते, "तुला बंद पडलेल्या गोष्टींचा राग येतो, पडून राहिलेल्यांचा नाही." हा टोमणा घरामागच्या आमच्या भातखाचरासाठी असतो. चार पावसाळे ते पडीक आहे.

बायकोचा बियाण्यांचा एक गट आहे. गावोगावच्या बायकांकडे जुन्या भातांचं जे बी उरलंय त्याची यादी करायची, उन्हाळ्यात मुरबाडला मेळावा भरवायचा आणि ते बी नव्या हातांत द्यायचं, असा त्यांचा उद्योग. यादीची वेबसाइट अर्थातच माझ्या गळ्यात पडली. प्रत्येक नोंदीत भाताचा फोटो आणि त्या बाईच्याच आवाजात दोन-तीन मिनिटं माहिती. बटण दाबलं की माझा प्रोग्राम एकेक नोंद घेणार, फोटो लहान करणार, आवाजातली खरखर काढणार, डेटाबेसमध्ये लिहिणार आणि पुढे जाणार. शेवटी पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'सगळं झालं!' ते उद्गारचिन्ह माझं.

यादीतली शेवटची नोंद एका मावशींची. त्यांची वाडी टोकावड्याच्या वर, डोंगरात. तांबड्या कुसळांचं भात आता त्यांच्याशिवाय कुणाकडे नाही. मुलगे वाशिंदला कारखान्यात, स्वतःचे गुडघे गेलेले, त्यामुळे पुढच्या वर्षी त्या पेरणार नव्हत्या. यंदा कुणी बी नेलं तर ते भात राहणार, नाहीतर संपलं. आणि मेळाव्यात टेबल मिळणार ते यादीत नाव असेल त्यालाच.

नेमकं त्यांचंच नाव यादीत टिकेना. पहिल्यांदा बायकोने विचारलं, "मावशी कुठायत?" मी म्हटलं, असतील गं, 'सगळं झालं' आलंय ना. बघतो तर नव्हत्या. मी हाताने नाव घातलं. दोन दिवसांनी कुणाचा तरी फोटो बदलायचा म्हणून यादी पुन्हा भरली, तर मावशी परत गायब. माझा प्रोग्राम आधी जुनी यादी पुसायचा आणि मग नवी भरायचा, त्यात माझी हातची नोंदही जायची. असं तीनदा झालं. वाडीतल्या कुणीतरी मोबाइलवर बघून मावशींच्या कानावर घातलं आणि त्यांचा निरोप आला, "आमची वाडी शेवटची, ती गळायचीच. आमाला काय नवीन नाय."

हा निरोप मला फार झोंबला. मी मुद्दाम गाळतोय असं त्यांना वाटावं? मग साप म्हणून भुई धोपटणं सुरू झालं. प्रोग्रामला वेळ वाढवून दिला. नावातल्या जोडाक्षरावर संशय घेतला. फोटो बदलला. मावशींची नोंद एकटी, आवाज न जोडता चालवली तर मुकाट्याने गेली, आणि सगळ्यांबरोबर पूर्ण चालवली की गायब! शेवटी आठवलं, चुकांचे संदेश लोकांना दिसू नयेत म्हणून मीच त्यांचं तोंड बांधून ठेवलं होतं. सोडून पाहिलं तर एकच ओळ इंग्रजीत आली. तिचा अर्थ एवढाच, की सर्व्हर, म्हणजे यादी जिथे साठते तो दूरचा संगणक, निघून गेला. अरे, कुठे निघून गेला? आत्ता तर होता!

सोमवारी यादी छापायला जायची होती. शनिवारी दुपारी मी तीच ओळ बघत बसलो होतो आणि मावशींचाच फोन आला. त्यांच्या वाडीत रेंज मिळते ती पाण्याच्या टाकीजवळच्या कातळावर, तीही तिच्या मर्जीने. म्हणून वरच्या वाड्यांतली माणसं फोनवर दर दोन वाक्यांनी 'हाय ना?' विचारतात. ती सवय माझ्या डोक्यात जाते.

"नाव लागलं का रे माजं?"

"बघतोय, मावशी," म्हणून मी पुन्हा पडद्यात डोकं घातलं.

"हाय ना रे?"

"हाय."

थोडा वेळ गेला. "हाय ना? का ठेवलास?"

"अहो हाय, मावशी! कुठं जातोय मी? सारखं काय तेच तेच!"

"रागावतोस कशाला? तू गप ऱ्हायलास का मना वाटतं, गेलास. गेल्यावर बोलून काय उपेग? इचारलेलं बरं. नसलास तर परत लावीन."

मी खुर्चीत ताठ झालो. घोडं कुठं पेंड खातंय ते मला कळलं. माझा प्रोग्राम सुरुवातीला एकदाच सर्व्हरला जणू फोन लावायचा आणि शेवटपर्यंत तोच कानाला धरून बसायचा. बाकीच्यांचा आवाज दोन-तीन मिनिटांचा, तो काही सेकंदांत साफ होतो. मावशींचं रेकॉर्डिंग चाळीस मिनिटांचं. ते साफ होईस्तोवर प्रोग्राम गप्प, आणि इतका वेळ गप्प बसणाऱ्याचा फोन आमचा सर्व्हर ठेवून देतो. मग आमचं शहाणं बाळ त्या बंद फोनमध्ये मावशींचं नाव सांगायचं आणि वर 'सगळं झालं!' म्हणायचं. वाडी शेवटची होती म्हणून त्या गळत नव्हत्या. त्या सगळ्यांत जास्त बोलल्या होत्या म्हणून गळत होत्या.

"मावशी, आज लागतंय तुमचं नाव!" मी ओरडलो.

"काय? हाय ना?" आणि रेंज गेली.

दुरुस्ती थोडक्यात झाली. लिहिण्याआधी सर्व्हरला विचारायचं, आहेस ना? नसला तर परत लावायचा. लिहून झाल्यावर नोंद खरंच लागली का तेही बघायचं, तोवर हिरवी अक्षरं नाहीत. आणि नवी यादी पुरी भरल्याशिवाय जुनी पुसायची नाही. प्रोग्राम चालवला. मावशी शेवटच्या ओळीत आल्या, कुसळांच्या फोटोसकट! मी टेबलावर असा हात आपटला की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. मग तिने चहा टाकला.

आवाज लागतो का बघायला मी मावशींचं रेकॉर्डिंग लावलं. खरं सांगायचं तर ते मी कधी ऐकलंच नव्हतं. वाडीत जाऊन केलं होतं मीच, बायकोचा मोबाइल मावशींसमोर ठेवून. चाळीस मिनिटांतला बराचसा वेळ तो नुसताच चालू राहिला असेल, अशी माझी समजूत होती. दहाव्या मिनिटाला माझाच आवाज आला, "एक मिनिट हां मावशी, कातळावर जाऊन कंपनीला फोन करून येतो." मग चपला वाजल्या. मावशी आपल्या सांगतच होत्या, रानडुक्कर या कुसळांना तोंड लावत नाय. मग थांबल्या.

"हाय ना रे?"

कोंबडी ओरडली.

"हाय ना?" जरा वेळ गेला. मग बहुधा मोबाइलकडे वळून, "नाय वाटतं. बरं, तू तरी ऐक."

आणि पुढचा अर्धा तास त्या मोबाइलला सांगत होत्या. सासूने बी दिलं तेव्हाची रीत सांगत होत्या. घेणाऱ्याने ओंजळ पुढे करायची आणि तोंडाने 'पेरीन' म्हणायचं. मुकाट नेलेलं बी घरात पडून मरतं. मला अशी लाज वाटली की चहा तसाच निवला.

मेळाव्यात मावशींचं टेबल दाराशीच होतं. पाच जणांनी बी नेलं. प्रत्येकाकडून त्यांनी 'पेरीन' म्हणवून घेतलं. एक गृहस्थ लाजले, तर ते म्हणेपर्यंत त्यांना ताटकळत ठेवलं. गर्दी ओसरल्यावर मी गेलो.

"मावशी, त्या दिवशी मी उठून गेलो होतो. चुकलं माझं."

"ठाव हाय. मागून मान वर केली तवा कातळावर पाठ दिसली तुजी." त्या हसल्या आणि उरलेल्या पिशवीचं तोंड सोडलं. "खाचर पडीक हाय म्हनं तुमचं?"

मी बायकोकडे पाहिलं. ती मांडवाच्या कापडाकडे बघत होती.

"आहे, पण मावशी, मला शेतीतलं काही..."

"मना फोन लाव. सांगीन. कर ओंजळ."

मी ओंजळ केली. बी पडलं, कुसळं तळव्याला टोचली. मी त्या तांबड्या कुसळांकडे बघत राहिलो.

"हाय ना रे?"

"हाय, मावशी."

"मग बोल की."

"पेरीन," मी म्हणालो.