सगळ्यात ढिलं बटण

माझ्या मामीने आयुष्यात एकही फोटो काढला नव्हता, पण मामाच्या स्टुडिओत निघालेल्या प्रत्येक फोटोला तिचा हात लागलेला असायचा. गिऱ्हाइकाची कॉलर सरळ करणं, कपाळाची चमक टिपणं, रडक्या पोरांसमोर किल्ल्यांचा जुडगा वाजवणं, ही सगळी तिची खाती. कॅमेऱ्यामागची दोन पावलं जागा मात्र मामाची. तिथे झाडू मारायलासुद्धा ती त्याला विचारून जायची.

मामाला अख्खी गल्ली 'मानवर' म्हणायची, कारण आलेल्या माणसाला "काय हवंय" विचारायच्या आधी तो "मान वर" म्हणायचा. ओळखपत्राचे, परीक्षेच्या अर्जाचे, नोकरीचे फोटो, बत्तीस वर्षं तेच. पण त्याच्या फोटोत कधी कुणाचे डोळे मिटलेले नसत. तो सांगायचा, माणूस पापणी मिटून उघडतो ना, त्याच्या लगेच पुढे एक क्षण तो स्वतःसारखा दिसतो. तेवढा धरायचा, बाकी सोडून द्यायचं.

मग त्याच्या अंगातली ताकद जायला लागली. स्नायूंचा आजार. डॉक्टरांनी नाव सांगितलं, उपाय सांगितला नाही. आधी पाय गेले, मग डावा हात, मग उजवा खांद्यापासून खाली. राहिला उजव्या हाताचा अंगठा. मामीने कॅमेरा तिपाईवर चढवला, मामाची खुर्ची शेजारी आणली आणि वायरवाला रिमोट त्याच्या मुठीत दिला. काडेपेटीएवढी डबी, तिच्यावर एक बटण. अर्धं दाबलं की कॅमेरा नजर जुळवतो आणि 'पीक' करतो, पूर्ण दाबलं की फोटो. अंगठा चालतोय तोवर फोटो मानवरचाच, असं घरात न बोलता ठरून गेलं होतं. मी एकदा टायमर सुचवला तर मामा म्हणाला, "म्हणजे फोटो घड्याळाने काढायचा आणि मी शोभेला बसायचं."

वर्षभराने तेही बटण त्याला जड जायला लागलं. तेव्हा मामी मला घेऊन कॅमेऱ्यांच्या बाजारात गेली. वायरची पिन प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळी लागते, म्हणून अख्खा कॅमेरा टॉवेलात गुंडाळून पिशवीत घेतला होता. तान्ह्या बाळासारखी ती पिशवी छातीशी धरून मामी दुकानात शिरली.

दुकानदाराने आधी बिनवायरचा रिमोट दाखवला. त्याचं बटण चपटं आणि घट्ट. मग कॅमेऱ्याच्याच कंपनीचा, भारीतला, ज्याची स्प्रिंग म्हणे दहा वर्षं ढिली पडणार नव्हती. मामीने तो ताबडतोब परत सरकवला. मोबाइलवरून काढा म्हणाला, तर आमचा कॅमेरा इतका जुना की त्याचं मोबाइलशी बोलणंच नव्हतं. मग तिने समोर मांडलेले स्वस्तातले सगळे वायरवाले रिमोट एकेक करून हातात घेतले. डोळे मिटायचे, डाव्या हाताची करंगळी बटणावर ठेवायची आणि अगदी हळूहळू दाबायचं. एक झाला, दोन झाले, पाच झाले. दुकानदाराचा धीर सुटला.

"ताई, रिमोट घेताय का टोमॅटो? नवीन आहेत सगळे, एकही ढिला निघायचा नाही."

"ढिलाच हवाय," मामी म्हणाली. "ज्यांना दाबायचाय त्यांच्या अंगठ्यात माझ्या करंगळीएवढासुद्धा जोर नाहीये."

दुकानदार वळला आणि काचेच्या कपाटातून एक कळकट डबी काढून तिच्यापुढे ठेवली. नमुन्याची होती. तीन वर्षं येणारा-जाणारा दाबून बघायचा, स्प्रिंगमध्ये जीवच उरला नव्हता. विकायची लाज वाटते म्हणून त्याने ठेवून दिली होती. मामीने करंगळी टेकवली मात्र, खट्. तिने डोळे उघडले आणि इतकी हसली की दुकानदाराने अर्धीच किंमत सांगितली. मामीने घासाघीस केली नाही. तिच्या बाबतीत ही इतिहासात नोंद व्हावी अशी गोष्ट.

अकरा आठवडे मामाने त्या बटणावर फोटो काढले. तो गिऱ्हाइकाकडे बघायचा, मामी त्याच्या अंगठ्याकडे. खट् झालं की मगच तिचा अडकलेला श्वास सुटायचा.

त्या मंगळवारी सकाळी परीक्षेच्या अर्जासाठी एक मुलगी आली. मामीने तिचे केस कानामागे सारले. मामा पुटपुटला, मुलीने मान वर केली. पीक. आम्ही थांबलो. पुन्हा पीक. मामाच्या कपाळावर शीर उठली, अंगठ्याचं नख पांढरं पडलं. पीक. बटण अर्ध्यावर जात होतं, तिथून पुढे अंगठा जात नव्हता. मुलगी बिचारी हसू धरून बसलेली, तिचे गाल थरथरायला लागले.

मामीने अंगठ्यावरची नजर काढली नाही. तशीच एक पाऊल सरकली, हात मागे नेला, आणि पुढच्या 'पीक'च्या पाठोपाठ कॅमेऱ्यावरचं बटण स्वतः दाबलं.

खट्.

"आला बघा," ती म्हणाली. आवाज फारच आनंदी निघाला.

मामा कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवरचा फोटो बघत होता. मुलीचे डोळे मिटलेले होते. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. मामीचा चेहरा उतरला. तिच्याकडे न बघता मामा सावकाश, एकेक शब्द जुळवत बोलला.

"पुन्हा काढ. आणि माझा अंगठा नको बघूस गं. तिचे डोळे बघ."

मामीने दुसरा काढला. चांगला आला. मुलगी फोटो घेऊन गेली, तशी मामी खुर्चीपाशी उकिडवी बसली आणि भरभर बोलत सुटली. आपण परत जाऊ, तो दुकानदार चांगला माणूस आहे, स्प्रिंगच काढून देईल, नाहीतर मी फडकं लावून बटण उंच करते, अहो, काहीतरी निघेल.

"याहून ढिलं काही नसतं," मामा म्हणाला. "बाहेर बाई थांबलीय बाळ घेऊन. बोलाव तिला."

मामीने डोळे पुसले, दार उघडून त्या बाईला आत घेतलं, बाळाला पांढऱ्या चादरीवर निजवायला सांगितलं. मग किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला आणि कॅमेऱ्यामागे जाऊन उभी राहिली. या वेळी तिने विचारलं नाही.